विजेचा गज कोणाच्या हातात?

आमच्या देवरीत सध्या दुकानादुकानांतून एकाच विषयाची चर्चा चालू आहे. तो विषय म्हणजे विजेचा नवा मीटर. कोणी म्हणतो, हा मीटर घोड्यासारखा पळतो. कोणी म्हणतो, यात मोबाईलसारखे सिम आहे आणि दूर कचेरीत बसलेला माणूस तेथूनच आपली वीज तोडू शकतो. एका गृहस्थांनी तर आमच्या गादीवर बसून छातीठोकपणे सांगितले की, हा मीटर दुकानातील बोलणेसुद्धा ऐकतो! या गोष्टींत थोडे खरे, थोडे खोटे आणि पुष्कळसे ऐकीव आहे. दुरून वीज तोडण्याची सोय या मीटरमध्ये आहे, हे खरे. तो बोलणे ऐकतो, हे साफ खोटे. आणि तो पळतो की नाही, याचे उत्तर अफवा ऐकून मिळत नाही, मोजूनच मिळते.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, विजेचे जाणकार नव्हे. तरीही या विषयावर लेखणी उचलण्याचे धाडस करीत आहोत. कारण मुळात हा मापाचा प्रश्न आहे, आणि मापाचा प्रश्न कापडवाल्याला कळणार नाही तर कोणाला कळणार?

आमचे अब्बा सांगत असत की, त्यांच्या वडिलांच्या काळी गज म्हणजे नक्की किती, हे गावागावावर अवलंबून असे. इंग्रजांच्या नोंदी पाहिल्या तर बंगालचा गज ३६ इंचांचा, मद्रासचा ३३ इंचांचा आणि मुंबईचा २७ इंचांचा होता. एकाच ठाणाचे माप तीन बाजारांत तीन! मुंबईच्या गजाने घेऊन बंगालच्या गजाने विकणारा बुडालाच म्हणून समजा. पुढे १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि १९६० नंतर मीटर सर्वत्र रूढ झाला. जुन्या गिऱ्हाइकांनी पुष्कळ कुरकुर केली. मीटरमध्ये आपल्याला फसवतात, वारच बरा होता, असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बायका आम्ही स्वतः लहानपणी दुकानात पाहिल्या आहेत. आजही साडीला नऊवारीच म्हणतात, पण ती मोजली जाते मीटरने. आज त्या कुरकुरीची कोणाला आठवणही नाही. का? कारण लोखंडी मीटरपट्टी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कापडावर ठेवली जाते आणि त्या पट्टीवर सरकारी शिक्का असतो.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तेथे दोन शब्द होते. एक पैमाना, म्हणजे माप. दुसरा मेयार, म्हणजे दर्जाची कसोटी. मराठीत या दोन्हींसाठी आता ‘मानक’ हा एकच शब्द वापरतात. विजेच्या बाबतीत ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात, म्हणून तो शब्द आम्हाला पटला.

देवरीहून महामार्गाने पूर्वेला निघाले की शिरपूरच्या नाक्यापुढे थोड्याच वेळात छत्तीसगड लागते. अलीकडे महावितरण, पलीकडे छत्तीसगडची वीज कंपनी. दर वेगळे, बिलाचा कागद वेगळा, कायद्याने नेमलेला आयोगही वेगळा. परंतु राजनांदगावच्या बाजारातून आणलेला पंखा देवरीत लावला तर तो मुकाट्याने फिरतो. त्याला सीमा कळत नाही. दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि सेकंदाला ५० आवर्तने, ज्याला आपण फ्रिक्वेन्सी म्हणतो. ही गोष्ट आपल्याला इतकी सहज वाटते की, ती कोणीतरी बसून ठरविली आहे हे आपल्या लक्षातही येत नाही.

ती ठरविणारी संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग, अर्थात आय.ई.सी. ही संस्था १९०६ साली लंडनमध्ये स्थापन झाली. लॉर्ड केल्व्हिन तिचे पहिले अध्यक्ष होते. १९४८ पासून तिची कचेरी जिनिव्हात आहे. २३० हा आकडा कसा आला, हे ऐकण्यासारखे आहे. युरोप खंडात २२० व्होल्ट चालत, इंग्लंडात २४०. कोणीही मागे हटायला तयार नव्हते. शेवटी १९८३ मध्ये आयोगाने मधला २३० हा आकडा पुढे ठेवला. सौदा तुटू नये म्हणून दोन दलालांनी मधला भाव ठरवावा, तसाच हा प्रकार! आपल्याकडेही जुन्या यंत्रांच्या पाटीवर २४० दिसते आणि नव्यांवर २३०, ते याचमुळे.

आपल्या देशात हे काम भारतीय मानक संस्थेकडे आले. ती ६ जानेवारी १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, स्थापन झाली. तिच्याच नावावरून आय.एस.आय. हा शिक्का पडला. १९८७ पासून तिच्या जागी भारतीय मानक ब्युरो, म्हणजे बी.आय.एस. आहे. संस्थेचे नाव बदलले, पण लोकांच्या तोंडी आय.एस.आय.च राहिले.

एका मापाचे महत्त्व समजायचे असेल तर जपानकडे पाहावे. एवढा प्रगत देश, पण त्याने १८९५ च्या सुमारास टोकियोसाठी जर्मनीहून ५० आवर्तनांचे जनित्र आणले आणि ओसाकासाठी अमेरिकेहून ६० आवर्तनांचे. ज्याला जो व्यापारी भेटला, त्याचा माल त्याने घेतला. आजही जपान अर्धा ५० वर आणि अर्धा ६० वर चालतो. मार्च २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, फुकुशिमाचे केंद्र बंद पडले, टोकियोकडे विजेचा भयंकर तुटवडा झाला. पश्चिम जपानात वीज होती. पण आवर्तने बदलून ती पूर्वेला देणारी यंत्रणा फक्त हजार-बाराशे मेगावॉटची. शेजारच्या खोलीत धान्य भरलेले आहे आणि दाराची किल्ली बसत नाही, अशी अवस्था झाली. शंभर वर्षांपूर्वीच्या एका खरेदीचा तो परिणाम!

आपल्याकडे आवर्तने सर्वत्र ५० होती, तरी देशातील पाच विभाग वेगवेगळे धडकत होते. कोणाची आवर्तने ४८ पर्यंत खाली, कोणाची ५१ च्या वर. अशा दोन विभागांना सरळ तारेने जोडता येत नाही. म्हणून आमच्याच विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीला, पश्चिम आणि दक्षिण विभागांच्या मध्ये एक हजार मेगावॉटचे असे केंद्र उभारले गेले, की ते इकडची वीज आधी एकदिश करते आणि मग पलीकडच्या तालावर पुन्हा प्रत्यावर्ती करून देते. पुढे शिस्त आली. मार्च २००३ मध्ये रायपूर–राउरकेला वाहिनीमुळे पश्चिम आणि पूर्व विभाग एका तालावर आले. रायपूर आमच्याच महामार्गावर आहे. २००६ मध्ये उत्तर विभाग जोडला गेला. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण विभागही जोडला गेला आणि सारा देश एकाच आवर्तनावर चालू लागला. आमच्या गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याच्या ३,३०० मेगावॉट प्रकल्पाचे जनित्र आणि तामिळनाडूतील एखाद्या पिठाच्या गिरणीची मोटार आता एकाच तालावर फिरतात.

अर्थात एकत्र येण्यात धोकाही असतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत काळोखात बुडाला. दुसऱ्या दिवशी सुमारे ६२ कोटी लोकांना त्याची झळ लागली. बिना–ग्वाल्हेर वाहिनी आधी तुटली आणि मग एकामागून एक सर्व कोसळले. पश्चिम विभाग, म्हणजे आपण, वेळीच वेगळे झाल्यामुळे वाचलो. कोणत्या क्षणी धरून राहायचे आणि कोणत्या क्षणी हात सोडायचा, हे सबस्टेशनमधील रक्षक यंत्रे ठरवितात. एका कंपनीच्या यंत्राने दुसऱ्या कंपनीच्या यंत्राचे म्हणणे क्षणार्धात समजून घ्यावे, यासाठी आय.ई.सी. ६१८५० हे मानक आहे. ही सर्व मोठ्या तारांची गोष्ट झाली. आता आपल्या भिंतीवरच्या मीटरकडे येऊ.

पूर्वी इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हा प्रत्येक कारखानदाराची बोली निराळी होती. अमुक कंपनीचा मीटर वाचायला त्याच कंपनीचे यंत्र लागे. म्हणजे वीज कंपनीने एकदा एका कारखान्याचा माल घेतला की ती त्याच्याच दाराशी बांधली गेली. सुताच्या धंद्यात ज्या विणकराने सावकाराकडून उधारीवर सूत घेतले, त्याला कापड त्याच सावकाराला, तो सांगेल त्या भावाने द्यावे लागते. भिवंडी-मालेगावच्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. यावर उपाय म्हणून युरोपात एक समान बोली तयार झाली. तिचे नाव डी.एल.एम.एस., आणि आय.ई.सी. ६२०५६ या मानकात ती बसविली गेली. आपल्या देशाने ती २०११ मध्ये आय.एस. १५९५९ या नावाने स्वीकारली आणि २०१५ मध्ये स्मार्ट मीटरसाठी आय.एस. १६४४४ हे मानक काढले. त्यामुळे युनिट, व्होल्टेज, वेळ, या प्रत्येक गोष्टीला मीटरच्या पोटात एक ठराविक नंबर आहे. मीटर कोणाचाही असो, तो नंबर तोच.

ही चांगली गोष्ट आहे, पण येथे एक गाठ राहून गेली आहे. मीटरच्या पोटातली बोली एक झाली, पण मीटरपासून कचेरीपर्यंतचा रस्ता ज्याचा त्याचा राहिला. कोणी मोबाईलच्या जाळ्यातून माहिती पाठवितो, कोणी मीटर-मीटरमध्ये आपली स्वतःची बिनतारी साखळी बांधतो. एकाच्या साखळीत दुसऱ्याचा मीटर सहज बसेलच असे नाही. मीटर बसविणे आणि सांभाळणे हे ठेके साधारण दहा वर्षांचे आहेत. दहा वर्षांनी ठेकेदार बदलला तर मीटरही बदलावे लागणार काय? त्याचा खर्च शेवटी कोणाच्या दरात मिळविला जाणार? आमच्या मते सभांमधून आणि निवेदनांतून हा प्रश्न विचारला जायला हवा. आम्ही मात्र सिमकार्डावर आणि चीनवर वाद घालीत बसलो आहोत.

राजकीय बाजूही थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जी योजना आणली तिचे लक्ष्य २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचे होते. महाराष्ट्रात मोठा विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहीत असे जाहीर केले. त्यानंतर टी.ओ.डी. मीटर या नावाने, महिन्याच्या शेवटी बिल देण्याच्याच पद्धतीने, ते बसू लागले. घरगुती ग्राहकाने सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वीज वापरली तर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत, असे १ जुलै २०२५ पासून जाहीर झाले. कारण सरळ आहे. दिवसा सूर्याची वीज भरपूर असते, संध्याकाळी नसते.

आता पाहा, ही सवलत कशावर अवलंबून आहे? मीटरच्या आत बसलेल्या घड्याळावर. ते घड्याळ पुढे-मागे झाले तर दिवसाची वीज संध्याकाळच्या भावाने मोजली जाईल. म्हणूनच मानकामध्ये घड्याळ सतत जुळवून घेण्याची तरतूद आहे. मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात, त्यांत तारीख आणि वेळही येते. आपल्यापैकी किती जणांनी ती आपल्या घड्याळाशी ताडून पाहिली? आमच्या दुकानाचा मीटर बदलला तेव्हा आम्ही पाहिली. बरोबर होती.

दुसरी गोष्ट, मीटर पळतो की नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक, हा आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. आम्ही एका रविवारी दुकानातील सर्व काही बंद करून फक्त १०० वॉटचा जुना बल्ब अर्धा तास लावला. शंभर वॉट, अर्धा तास, म्हणजे युनिटचा विसावा भाग. हिशोबाने १६० लुकलुक व्हायला हव्यात. आमच्या नातवाने १५७ मोजल्या, आम्ही १५८. (बल्बही शंभर वॉटचा म्हणजे अगदी शंभरचाच असतो असे नाही, आणि दोघांत एकाचा फरक पडला तो आमच्या चष्म्यामुळे.) मीटरवर ‘क्लास १’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ ठरावीक परिस्थितीत शंभर युनिटमागे एका युनिटपेक्षा अधिक चूक होता कामा नये. शंभर मीटरच्या ठाणात एक मीटर. आमच्या धंद्यात एवढी अचूकता राखणारे दुकानदार किती, हे आम्ही येथे विचारीत नाही.

जुना चकतीचा मीटर वर्षानुवर्षे झिजून मंद होत असे आणि बारीकसारीक भार त्याला जाणवतच नसे. नवा मीटर तो मोजतो. त्यामुळे बिल वाढल्याचा अनुभव येऊ शकतो आणि त्यात लबाडी असेलच असे नाही. परंतु लबाडी नाहीच, असे आम्ही कोणाच्या वतीने हमीही देत नाही. ज्याला शंका आहे त्याच्यासाठी नियम आहे. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार वापराच्या मानाने रीडिंग जास्त येते अशी तक्रार केली, तर पाच दिवसांच्या आत शेजारी दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने दोन्ही मीटर ताडून पाहायचे आहेत. जून २०२३ च्या दुरुस्तीत, स्मार्ट मीटर दिवसातून किमान एकदा दुरून वाचला जावा आणि ती माहिती ग्राहकाला दिली जावी, असेही म्हटले आहे. तक्रार तोंडी करू नये. लेखी द्यावी, नोंद क्रमांक घ्यावा, तारीख टाकावी. आमचा व्यापारी समाज उधारीची चिठ्ठी वीस वर्षे जपून ठेवतो आणि विजेच्या तक्रारीची पावती मात्र घेत नाही.

एका गोष्टीविषयी मानक गप्प आहे आणि तेथे आमची खरी तक्रार आहे. हा मीटर दर अर्ध्या तासाला, काही ठिकाणी पाव तासाला, वापराची नोंद ठेवतो. त्यावरून दुकान किती वाजता उघडले, कारखाना रात्री चालला की नाही, रमजानमध्ये घरात सहरीला दिवे किती वाजता लागले, हे सारे समजू शकते. ही नोंद वाटेत कोणी चोरू नये म्हणून कुलूप कसे असावे, हे मानकात बारकाईने लिहिले आहे. पण कुलपाची किल्ली कोणाकोणाकडे असावी, हे त्यात नाही. ते काम कायद्याचे आहे, आणि कायदा करणाऱ्यांना विचारणारे आपण आहोत.

आता स्वतःची एक गोष्ट सांगतो, म्हणजे उपदेश करीत आहोत असे वाटणार नाही. १९९८ साली आम्ही दुकान वाढविले. वायरिंग नवीन केले. वायरचे बंडल बाजारातून स्वस्तात मिळाले. दुकानदाराचे नाव येथे घेण्यात अर्थ नाही. वेष्टनावर कंपनीचे चकचकीत चित्र होते, आय.एस. ६९४ हा नंबर आणि शिक्का मात्र नव्हता. आम्ही पाहिलेच नाही. लग्नसराईच्या ऐन हंगामात, संध्याकाळी, सर्व पंखे आणि दिवे चालू असताना भिंतीतली वायर तापून वितळली आणि फळीवरील साड्यांचा गठ्ठा पेटला. माणसे वाचली, खुदाचे आभार. माल गेला. नंतर उरलेले बंडल आम्ही आमच्याच मीटरपट्टीने मोजले. ९० मीटर लिहिलेले, भरले ८१. आतले तांबे तर लिहिलेल्या जाडीच्या मानाने काहीच नव्हते. आयुष्यभर दुसऱ्याला कापड मोजून देणाऱ्या माणसाने स्वतः घेतलेली वायर मोजली नाही!

तेव्हापासून आम्ही शिक्का पाहतो, आणि नुसता शिक्काही पाहत नाही. खऱ्या शिक्क्याच्या वर आय.एस.चा नंबर असतो आणि खाली सी.एम./एल. या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक मोबाईलवरील ‘बी.आय.एस. केअर’मध्ये घातला की परवाना खरा की खोटा, कोणाचा, चालू की संपलेला, हे कळते. आमच्या दुकानात काम करणारी मुले हे आमच्यापेक्षा जलद करतात.

आता विषय येतो तो आमच्या कारागिरांचा. देवरी, आमगाव, गोंदिया, साकोली, कोठेही जा, वायरिंग करणारे, मोटार रिवाइंडिंग करणारे, इन्व्हर्टर दुरुस्त करणारे आमच्या समाजातील तरुण भेटतात. हात उत्तम. कागद एकही नाही. तारतंत्रीचा परवाना असलेले थोडे, मानकाचा नंबर माहीत असलेले त्याहून थोडे. आजवर यावर भागले. पुढे भागणार नाही. तीन फेजच्या मोटारींना २०१७ च्या केंद्रीय आदेशाने कार्यक्षमतेची किमान पायरी ठरवून दिली आहे. ती पायरीही आय.ई.सी.च्या कसोटीवरच बेतलेली आहे. यंत्रमागाची मोटार जळाली की अंदाजाने तार गुंडाळून देणारा कारागीर ती पायरी मोडून बसतो आणि मालकाचे बिल वाढते.

छतावरील सौर विजेचे तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली आणि घरगुती ग्राहकाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. कामे निघाली. त्याबरोबर बिनशिक्क्याचे स्वस्त इन्व्हर्टरही बाजारात फिरू लागले. येथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घ्यावी. पावसाळ्यात वादळ होते, गावाची वीज जाते, वायरमन डी.पी.वरून लाईन बंद करतो आणि खांबावर चढतो. त्याच्या समजुतीने तार मेलेली आहे. पण एखाद्या छतावर ऊन आहे आणि तेथील इन्व्हर्टर तारेत वीज सोडतोच आहे. डी.पी.तून उलटी गेली की तीच वीज अकरा हजार व्होल्टची होते. त्या वायरमनचे काय होईल, हे लिहिण्याची गरज नाही. असे होऊ नये म्हणून आय.एस. १६१६९ हे मानक आहे. ते आय.ई.सी. ६२११६ वरून घेतलेले आहे. बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टरने तत्काळ स्वतःला तोडून घेतले पाहिजे, एवढेच ते सांगते. जिनिव्हाच्या कागदाचा आणि देवरीच्या खांबावरच्या माणसाचा संबंध काय, असे कोणी विचारले तर आम्ही हेच उदाहरण देतो.

गेल्या महिन्यात आमच्या ओळखीचा एक मुलगा असा स्वस्त इन्व्हर्टर बसवायला निघाला होता. आम्ही त्याला विचारले, “यावर नंबर कोठे आहे?” तो म्हणाला, “चाचा, गिऱ्हाइकाला नंबर नको, भाव हवा.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दोघांत चार हजारांचा फरक होता. मग आम्ही त्याला आमच्या १९९८ च्या वायरची गोष्ट सांगितली, आणि खांबावर चढणारा वायरमन त्याच्याच मोहल्ल्यात राहतो याची आठवण करून दिली. त्याने ते यंत्र परत केले. गिऱ्हाईक मात्र हातचे गेले. दुसऱ्या कोणी तरी ते काम केले असणार. एकट्या मुलाच्या इमानदारीवर हा बाजार सुधारणार नाही, हेही आम्हाला त्या दिवशी कळले.

मग मार्ग काय? मानके आकाशातून पडत नाहीत. बी.आय.एस.च्या समित्या ती तयार करतात. मीटरची मानके ई.टी.डी. १३ या समितीकडे आहेत. अशा समित्यांत कारखानदार असतात, वीज कंपन्या असतात, प्रयोगशाळा असतात, ग्राहकांच्या बाजूनेही कोणी असते. मसुदा तयार झाला की तो हरकती-सूचनांसाठी सर्वांना खुला केला जातो. गोंदिया जिल्ह्यातून आजवर एखादी तरी सूचना गेली असेल काय? एखाद्या रिवाइंडिंगवाल्याने, एखाद्या यंत्रमागवाल्याने, आमच्यासारख्या दुकानदाराने आपला अनुभव लिहून कळविला असेल काय? आम्ही तरी कधी कळविला नाही, हे कबूल करतो. अडचण भाषेची आहे. मसुदे इंग्रजीत. आमचा कारागीर मराठी किंवा उर्दू वाचतो, कित्येकदा तेही नाही. पडद्यावर मराठीत सूचना देणारा मीटर का असू नये, मीटरबरोबर मराठी पत्रक देणे मानकातच सक्तीचे का करू नये, ही मागणी लहान वाटते. पण ती मागणारा समितीत बसलेला नाही म्हणून ती होत नाही.

आमच्या व्यापारी मंडळाच्या बैठकीत आम्ही दोन गोष्टी मांडल्या आहेत. पहिली, गावातील वायरिंगच्या मुलांची यादी करून त्यांना तारतंत्रीच्या परीक्षेला बसविणे. फी दुकानदारांनी भरावी. यास सहा जणांनी होकार दिला, दोघांनी पाहू म्हटले. दुसरी, सौर कामाशी संबंधित मानकांतील मुख्य गोष्टी मराठीत दोन पानांत लिहून छापणे. यास सर्वांनी होकार दिला, पण लिहिणार कोण, हे ठरले नाही. बहुधा आमच्याच गळ्यात पडेल.

बी.आय.एस.चे शाखा कार्यालय नागपुरात आहे. गांधीबागेत माल घेण्यासाठी आमचे नागपूरला जाणे होतच असते. पुढील खेपेस त्या कार्यालयात जाऊन आम्ही तीन गोष्टी विचारणार आहोत. मसुद्यावर मराठीत लिहिलेली सूचना स्वीकारली जाते काय. देवरीसारख्या ठिकाणी येऊन कारागिरांना एक दिवसाचे मार्गदर्शन करण्यास कोणी येऊ शकेल काय. आणि बिनशिक्क्याचा इन्व्हर्टर विकला जात असल्यास तक्रार कोणाकडे, कशी करायची. जे उत्तर मिळेल ते याच पानावर कळवू.